क्रमहॉर्न, सिकू आणि विजेची गिटार

प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकची, ओळख करून देताना बहुतेक लेखक मेलोट्रॉन आणि मूग सिंथेसायझर या विजेच्या कळवाद्यांपाशी थांबतात. लोकवाद्यांचा विषय निघालाच, तर अमुक गटाने मँडोलिन वापरले, तमुक गटाने बासऱ्या वापरल्या, अशी यादी देऊन पुढे सरकतात. त्या यादीतून फारसे काही कळत नाही असे माझे मत आहे. रॉकच्या गाण्यात दूरदेशीचे एखादे वाद्य दोन ओळींपुरते वाजवून घेणे १९६५ नंतर कोणालाच अवघड राहिले नव्हते. सतारीच्या वाट्याला तसे किती प्रयोग आले हे आपण जाणतो. विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. त्या वाद्याचे मोजके स्वर, त्याचा लहान आवाज, त्याची पियानोशी न जुळणारी सुरावट, या सगळ्याची रचनेने काही दखल घेतली का? की वाद्य केवळ रंगापुरते आणले आणि रचना जशी व्हायची होती तशीच झाली? गेली अनेक वर्षे हे संगीत ऐकताना मी मनात हाच प्रश्न धरून ऐकत आलो आहे, आणि त्याच्या उत्तरावर माझ्या आवडीनिवडी ठरत गेल्या आहेत. सर्वांत पूर्ण होकार मला चिलीच्या 'लोस हाइवास' या गटाकडून मिळाला, आणि त्यांच्यापर्यंत मी काही इंग्रज गटांच्या वाटेने जाणार आहे.

अडचण मुळात आवाजाची आहे. शंभर वॉटच्या अॅम्प्लिफायरला जोडलेली गिटार आणि पूर्ण ड्रमसेट यांच्या शेजारी एखादी वेळूची बासरी किंवा लहानसे तंतुवाद्य बसवले तर ते बुडून जाते, आणि त्याच्यापुढे मायक्रोफोन ठेवून आवाज वाढवला तर ध्वनिक्षेपकातून शिट्टी वाजू लागते. या अडचणीतून वाट काढली ती स्टुडिओने. १९७० च्या सुमारास सोळा ट्रॅकची ध्वनिमुद्रण यंत्रे रुळू लागली, प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर त्यांच्या आवाजाचे प्रमाण ठरवणे शक्य झाले, आणि खोलीत जे वाद्य कधीच ऐकू आले नसते ते तबकडीवर विजेच्या गिटारीच्या बरोबरीने उभे राहू लागले. प्रोग्रेसिव्ह रॉक हे स्टुडिओत घडलेले संगीत आहे, आणि त्यातील लोकवाद्यांचे स्थानही प्रथम स्टुडिओतच ठरले. रंगमंचाचा प्रश्न नंतर आला आणि तो पूर्णपणे कधीच सुटला नाही.

केवळ रंग म्हणून आलेल्या वाद्याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला 'येस' या इंग्रज गटाच्या १९७१ सालच्या तबकडीत सापडते. 'युअर मूव्ह' या गाण्यात स्टीव्ह हाव यांनी पोर्तुगीज गिटार वाजवली आहे. पोलादी तारांच्या सहा जोड्या, नासपतीच्या आकाराचे शरीर आणि माथ्यावर पंख्यासारखी पसरलेली खुंट्यांची रचना असे हे वाद्य लिस्बन आणि कोइंब्रा या शहरांत फादो गायनाच्या साथीला असते. गोमंतकीय वाचकांना ते निराळे सांगायला नको, कारण फादो गोव्यात आजही गायला जातो आणि सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिकेने तो गोव्याबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत नेला आहे. हाव यांनी या वाद्यावर फादो वाजवला नाही, तसा प्रयत्नही केला नाही. त्यांना हवी होती ती जोडतारांची काचेसारखी लखलख, आणि ती त्यांनी एका साध्या इंग्रजी गाण्याच्या सुरुवातीपासून अशी काही पसरली की ते गाणे दुसऱ्या कोणत्या गिटारीवर ऐकण्याची कल्पनाही करवत नाही. तरीही माझ्या प्रश्नाचे उत्तर येथे नकारार्थी येते. फादोतील पोर्तुगीज गिटार गायकाच्या ओळीला उत्तर देते, मध्येच अडवते, श्वास घेण्याची जागा भरून काढते. त्या संभाषणातले काहीही या गाण्यात आलेले नाही.

'किंग क्रिमसन' या गटातील जेमी म्यूर यांचे काम निराळ्या जातीचे आहे. १९७३ च्या 'लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक' या तबकडीची सुरुवात अंगठ्यांनी वाजवायच्या आफ्रिकी वाद्याच्या मंद आवर्तनाने होते. झिंबाब्वेतील शोना लोकांचे म्बिरा हे या कुळातील सर्वांत प्रसिद्ध वाद्य. लाकडी फळीवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या अंगठ्यांनी खाली दाबून सोडायच्या, आणि एकच आकृती थोड्या थोड्या फरकाने फिरवत राहायची, असा त्याचा मूळ स्वभाव. म्यूर यांनी तो स्वभाव ओळखला. काही मिनिटे त्या आवर्तनाला ते घाई करत नाहीत, भोवती घंटा आणि धातूचे बारीक नाद जमू देतात, आणि मग डेव्हिड क्रॉस यांचे व्हायोलिन व रॉबर्ट फ्रिप यांची गिटार येऊन ते सगळे उधळून लावतात. तबकडी बाहेर आली तोवर म्यूर गट सोडून गेले होते, आणि पुढे काही वर्षे ते स्कॉटलंडमधील तिबेटी बौद्ध मठात राहिले. त्यांच्यानंतर हा गट अधिक शिस्तबद्ध झाला, पण आघातवाद्यांचे ते रान पुन्हा उगवले नाही याची मला नेहमी खंत वाटते.

माइक ओल्डफिल्ड यांच्या 'ओमाडॉन' या १९७५ च्या तबकडीविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या दुसऱ्या भागात 'द चीफ्टन्स' गटाचे पॅडी मोलोनी यांनी आयरिश इलिअन पाइप्स वाजवले आहेत. स्कॉटिश बॅगपाइपसारखे हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. वादक बसून वाजवतो, कोपराखालील भाता दाबून पिशवीत हवा भरतो, आणि स्वरनळीचे टोक मांडीवर टेकवून स्वर मध्येच तोडू शकतो. अखंड सुरावर तुटक स्वरांची ही नक्षी ओल्डफिल्ड यांनी गिटारींच्या दाट थरांवर मोकळी सोडली, आणि मोलोनी वाजवत असताना बाकीची वाद्ये आदराने मागे राहतात. वाद्याला जागा देण्याची ही एक रीत झाली.

वाद्याच्या मर्यादेतूनच रचना उभी करण्याची रीत मात्र मला प्रथम 'ग्रिफन' या गटात सापडली. रिचर्ड हार्वी आणि ब्रायन गलंड हे दोघे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकचे विद्यार्थी. त्यांनी ग्रेम टेलर यांची गिटार आणि डेव्हिड ओबर्ले यांची आघातवाद्ये सोबत घेऊन हा गट उभा केला. १९७३ ची त्यांची पहिली तबकडी ट्रान्सअॅटलांटिक या लोकसंगीताच्या कंपनीने काढली, आणि तिच्यावर रिकॉर्डर ही उभी बासरी, बॅसून हे खर्जातले फुंकवाद्य आणि क्रमहॉर्न ही वाद्ये ऐकू येतात. क्रमहॉर्न हे काटेकोरपणे लोकवाद्य नव्हे. ते युरोपातील प्रबोधनकाळाचे, दरबारांत आणि नगरवादकांच्या ताफ्यांत वाजणारे वाद्य आहे. पण सतराव्या शतकात ते मागे पडले आणि विसाव्या शतकात परत आले तेव्हा ते कोणाच्याच शास्त्रीय वाद्यवृंदात बसत नव्हते, त्यामुळे त्याची संगत साहजिकच लोकवाद्यांशी जुळली.

क्रमहॉर्नची घडण समजून घेतली म्हणजे ग्रिफनची रचना समजते. टोकाशी वर वळलेली ही लाकडी नळी असते आणि तिची दुहेरी पत्ती एका टोपीखाली झाकलेली असते, त्यामुळे वादकाचे ओठ पत्तीला लागतच नाहीत. पालघरकडच्या वारली समाजाच्या तारप्यात पत्त्या भोपळ्याच्या आत दडलेल्या असतात, तत्त्व तेच. ओठांचा ताबा नसल्याचे परिणाम मोठे आहेत. जोराने फुंकून वरचे सप्तक काढता येत नाही, म्हणून वाद्याची झेप सप्तकाच्या किंचित पलीकडे, सुमारे नऊ स्वरांपर्यंत जाऊन थांबते. आवाज लहानमोठाही करता येत नाही, कारण जोर वाढवला की स्वरच चढतो. वादकाच्या हाती उरते ते जिभेने स्वर तोडणे, स्वराची लांबी कमीजास्त करणे आणि अलंकार. ग्रिफनने या वाद्याकडून लांब, भावपूर्ण तान मागितली नाही. त्यांनी त्याला तुटक, ठसठशीत वाक्ये दिली, आणि सुरावट नऊ स्वरांच्या बाहेर जाऊ लागली की ती खाली बॅसूनकडे किंवा वर रिकॉर्डरकडे सोपवली. एका वाद्याने वाक्य सुरू करायचे आणि दुसऱ्याने ते पुरे करायचे, हा त्यांच्या संगीताचा चेहरा अशा रीतीने एका अडचणीतून घडला.

'मिडनाइट मशरम्प्स' या १९७४ च्या तबकडीवर हे तंत्र पूर्णत्वाला पोहोचले आहे. तिचे शीर्षकसंगीत तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते, सुमारे एकोणीस मिनिटे, आणि त्याचे मूळ पीटर हॉल यांनी नॅशनल थिएटरसाठी बसवलेल्या शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकाच्या संगीतात आहे. त्याच वर्षी आलेल्या पुढच्या तबकडीत बुद्धिबळाच्या डावावर बांधलेल्या चार रचना आहेत, गाणे एकही नाही, आणि सिंथेसायझर व विजेची गिटार पुढे आली आहे. बरेच रसिक तिलाच ग्रिफनचे शिखर मानतात. मला ती आवडते, परंतु तिच्यात क्रमहॉर्न पाहुण्यासारखा येतो आणि रचनेचा कणा कीबोर्ड झालेला आहे, म्हणून माझे मत आधीच्या तबकडीला. १९७४ च्या अखेरीस ग्रिफनने 'येस'च्या अमेरिकेतील दौऱ्यात त्यांच्याआधी कार्यक्रम केले, आणि भव्य क्रीडागृहांत जमलेल्या श्रोत्यांनी सोळाव्या शतकातले वाद्य ऐकले. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासातील ही घटना मला कोणत्याही विक्रीच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

इंग्लंडमध्ये क्रमहॉर्नला श्रोते मिळवून देण्याचे श्रेय डेव्हिड मन्रो यांना द्यावे लागते. १९६७ मध्ये त्यांनी अर्ली म्यूझिक कन्सॉर्ट ऑफ लंडन हा वाद्यवृंद स्थापन केला, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवरून जुनी वाद्ये घरोघरी पोहोचवली, आणि १९७६ मध्ये ऐन उमेदीत त्यांचा मृत्यू झाला. या गृहस्थांना जुन्या वाद्यांची ओढ लागण्यात पेरूचा मोठा वाटा होता. विद्यापीठात जाण्याआधी त्यांनी काही काळ तेथे शिक्षकाचे काम केले आणि परतताना दक्षिण अमेरिकेतील लोकवाद्ये सोबत आणली. युरोपातील जुनी वाद्ये आणि अँडीज पर्वतातील जिवंत वाद्ये एकाच माणसाच्या हातात आली होती, हे मला फार बोलके वाटते, कारण या दोन्ही परंपरांना रॉकमध्ये आपापले गट मिळाले. युरोपातील वाद्यांना ग्रिफन मिळाला, आणि अँडीजच्या वाद्यांना चिलीचा 'लोस हाइवास'.

लोस हाइवास हा या सर्व लेखनाचा खरा विषय आहे. १९६३ मध्ये विन्या देल मार या समुद्रकाठच्या शहरात एदुआर्दो, क्लाउदिओ आणि गाब्रिएल हे पार्रा बंधू, मारिओ मुतिस आणि एदुआर्दो 'गातो' अल्किंता यांनी मिळून एक वाद्यवृंद काढला. समारंभांतून नाचाची गाणी, बोलेरो, चा-चा-चा वाजवणे हे त्यांचे काम. १९७० च्या आसपास त्यांनी हे सगळे सोडून दिले आणि आधी काहीही न ठरवता, पूर्णपणे उत्स्फूर्त संगीत करू लागले. ठरलेली चाल नसल्यामुळे कोणते वाद्य कोणी वाजवायचे हेही ठरलेले नव्हते, आणि या मोकळ्या जागेत दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांची वाद्ये त्यांच्या हाती आली. ही शहरातली मुले होती. अँडीजची वाद्ये त्यांच्या घरची नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यांनी ती वाजवत वाजवत शिकून घेतली आणि गाणी बांधण्याआधी त्यांच्यासोबत पुष्कळ वेळ घालवला.

त्या वाद्यांची थोडी ओळख करून देतो. चारांगो हे पाच जोड्यांत दहा तारा असलेले लहान तंतुवाद्य. त्याची पाठ पूर्वी आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्याच्या कवचाची करत, आता लाकडाची करतात. केना ही वेळूची उभी बासरी. तिच्या तोंडाशी खाच असते आणि फुंकर त्या खाचेवर आपटून स्वर फुटतो, त्यामुळे तिच्यात आपल्या आडव्या बासरीपेक्षा श्वासाची धार अधिक ऐकू येते. त्रुत्रुका हे दक्षिण चिलीतील मापुचे लोकांचे कैक फूट लांब रणशिंग. पोकळ वेळूच्या टोकाला बैलाचे शिंग बसवलेले असते, आणि त्यातून आपल्या तुतारीप्रमाणेच केवळ नैसर्गिक स्वरमालेचे स्वर निघतात, म्हणजे त्यावर सलग सप्तक वाजवणे शक्यच नसते.

सर्वांत विलक्षण आहे ते सिकू, ज्याला स्पॅनिशमध्ये साम्पोन्या म्हणतात. लहानमोठ्या नळ्यांची ही रांग एकट्याने वाजवायची नसते. सप्तकाचे स्वर दोन रांगांत एकाआड एक वाटलेले असतात, एका रांगेला इरा आणि दुसरीला आर्का म्हणतात, आणि दोन वादकांनी एकमेकांचा श्वास सांभाळत आळीपाळीने स्वर दिले तरच चाल पुरी होते. एका वादकाजवळ अर्धीच चाल असते. अँडीजच्या गावांत या वाद्यांचे ऋतूही ठरलेले असतात. आयमारा लोकांत सिकू कोरड्या ऋतूत वाजतात आणि तार्का ही जाड, खरखरीत आवाजाची लाकडी बासरी पावसाळ्यात. तार्काही एकटी वाजत नाही. तिचा पूर्ण ताफा असतो, आणि ताफ्यातील वाद्ये एकमेकांशी तंतोतंत जुळलेली नसतात. त्या किंचित फरकातून जो दाट, कंप पावणारा आवाज उठतो तोच त्या लोकांना हवा असतो.

आता पियानोचा विचार करा. पियानोचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात आणि ते हलत नाहीत. तार्का किंवा त्रुत्रुका त्याच्याशी कधीही पूर्ण जुळणार नाही. लोस हाइवासच्या संगीताचा आधार तर क्लाउदिओ पार्रा यांचा पियानो होता, आणि त्याला गाब्रिएल यांचे धुवांधार ड्रम व एदुआर्दो यांचा मिनिमूग सिंथेसायझर यांची जोड होती. वाद्ये पियानोच्या मापाने तासून घ्यायची किंवा पियानो बाजूला ठेवायचा, असे दोन सोपे मार्ग त्यांच्यासमोर होते. त्यांनी दोन्ही नाकारले. वाद्यांचा खडबडीतपणा तसाच ठेवून त्यांनी तो पियानोच्या स्वच्छ सुरांशेजारी आणून बसवला, आणि ही ओढाताण श्रोत्याच्या कानावर येऊ दिली.

मध्ये इतिहास आडवा आला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने सत्ता घेतली. केना आणि चारांगो ही वाद्ये पदच्युत राष्ट्राध्यक्ष अय्येंदे यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या नव्या गीतचळवळीची ओळख बनली होती, म्हणून केवळ त्यांचा आवाजही संशयास्पद ठरला आणि त्यांच्यावर अघोषित बंदी आली. गायक विक्तोर हारा यांची त्याच महिन्यात हत्या झाली. इंती-इयिमानी आणि किलापायून हे या चळवळीतले गट त्या वेळी युरोपात होते आणि तेथेच अडकले. लोस हाइवासचे सदस्य बायकामुलांसह अर्जेंटिनात गेले आणि १९७७ मध्ये फ्रान्सला पोहोचले, जेथे पॅरिसजवळ एका मोठ्या घरात सगळी कुटुंबे एकत्र राहू लागली. एकत्र राहण्याचा त्यांच्या संगीताशी जवळचा संबंध आहे असे मला वाटते. ज्या वाद्यांना एकमेकांच्या श्वासाची गरज असते ती वाजवण्यासाठी माणसे रोज एकमेकांच्या सहवासात असावी लागतात.

या घरातील वास्तव्याच्या काळात त्यांची सर्वांत मोठी कृती आकाराला आली. चिलीचे कवी पाब्लो नेरुदा यांनी १९४३ मध्ये पेरूतील माचू पिचू या इंका लोकांच्या प्राचीन नगरीला भेट दिली होती, आणि त्या भेटीतून जन्मलेले बारा भागांचे दीर्घकाव्य १९५० च्या 'कांतो हेनेराल' या संग्रहात समाविष्ट झाले. त्या काव्यातील निवडक ओळी घेऊन लोस हाइवासने १९८१ मध्ये 'आल्तुरास दे माचू पिचू' ही तबकडी केली. तिच्यातील 'ला पोदेरोसा मुएर्ते' ही रचना अकरा मिनिटांची आहे, आणि लोकवाद्य व प्रोग्रेसिव्ह रॉक यांचा संयोग मला विचाराल तर येथे जितका पूर्ण झाला तितका दुसरीकडे कोठेही झालेला नाही. वेळूची वाद्ये आणि पियानो यांच्यातून गातो अल्किंता यांचा आवाज वर येतो, मग टप्प्याटप्प्याने ड्रम, बास, विजेची गिटार आणि मूग यांचा भार वाढत जातो. परंतु हा भार वाढताना लोकवाद्ये नाहीशी होत नाहीत. सुरुवातीचा हळवा तुकडा झाला की बासरी खाली ठेवायची आणि मग खरे रॉक सुरू करायचे, हा युरोपीय गटांचा नेहमीचा परिपाठ येथे नाही. जोरकस भागाची लय आणि वाक्यांची लांबीसुद्धा अँडीजच्या नाचांतून आलेली आहे. 'अमोर अमेरिकानो' या पुढच्या रचनेत चारांगोचा वेगवान ठेका संपूर्ण गाणे ओढून नेतो, आणि 'सूबे आ नासेर कोनमिगो एर्मानो' तर चिलीत पिढ्यान्‌पिढ्या गायले जाते.

या ध्वनिमुद्रणात कीबोर्डवादकांनी आणि ड्रमवादकानेही फुंकवाद्ये हाती घेतली आहेत, ही बाब मला महत्त्वाची वाटते. ग्रिफनमध्ये हार्वी आणि गलंड हे फुंकवाद्यांचे तज्ज्ञ होते, ओल्डफिल्ड यांनी मोलोनींसारखा श्रेष्ठ वादक बोलावला. लोस हाइवासमध्ये ताफ्याची वाद्ये ताफ्यानेच वाजवली. तांत्रिक सफाईच्या दृष्टीने त्यात कमतरता काढता येईल, आणि बोलिव्हियातील एखाद्या गावचा जाणकार वादक ती काढेलही. पण सामूहिकपणा हाच ज्या वाद्याचा आत्मा आहे ते वाद्य समजून घेण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.

त्याच वर्षी हे संगीत माचू पिचूच्या अवशेषांत चित्रित करण्यात आले. चिली आणि पेरू या दोन देशांच्या दूरचित्रवाणीने मिळून केलेल्या या चित्रपटात निवेदनासाठी पेरूचे कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा होते. समुद्रसपाटीपासून २,४०० मीटरहून अधिक उंचीवर, दगडी भिंतींच्या मध्ये, मोठा पियानो आणि ड्रमसेट मांडलेला दिसतो. गाब्रिएल पार्रा १९८८ मध्ये पेरूमध्येच मोटार अपघातात गेले, त्यांच्या जागी पुढे त्यांची मुलगी हुआनिता ड्रम वाजवू लागली. गातो अल्किंता २००३ मध्ये गेले. गट मात्र चालू राहिला.

ज्यांना हे सगळे नव्याने ऐकायचे असेल त्यांनी कालक्रमाने जाऊ नये. 'आल्तुरास दे माचू पिचू' प्रथम आणि सलग ऐकावी. ती चाळीस मिनिटांहून लहान आहे आणि तुकड्यांत ऐकली तर तिची चढण कळत नाही. हेडफोन वापरावेत, म्हणजे पियानोच्या मागे चालू असलेल्या वेळूच्या वाद्यांची दाटी नीट उलगडते. चित्रपट त्यानंतर पाहावा, आधी पाहिला तर डोळे कानांवर मात करतात. मग 'मिडनाइट मशरम्प्स'ची पहिली बाजू लावावी आणि क्रमहॉर्नने सुरू केलेले वाक्य कोणत्या वाद्याकडे जाते त्याचा माग ठेवावा. 'युअर मूव्ह' अखेरीस ऐकावे, आणि शक्य असेल तर त्याआधी गोव्यातील किंवा लिस्बनमधील एखादा फादो ऐकून घ्यावा.